जुनी फाइल आणि टाचेतला थेंब

प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक तरी अशी फाइल असतेच. नावापुढे 'ओल्ड' किंवा 'बॅकअप' चिकटवलेली. कुणीतरी कधीतरी चालू फाइलची कॉपी मारली, मग त्या कॉपीत काहीबाही मोडलं आणि ती तशीच पडून राहिली. तिला कुणी कॉल करत नाही, कुणी डिलीटही करत नाही. तोवर ठीक असतं. पण एखाद्या रात्री झोपेला आलेला कुणीतरी त्या जुन्या फाइलमधल्या चार ओळी उचलून चालू फाइलमध्ये टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे फोन वाजायला लागतात.

असो. वीकेंडला ऑफिस नको. सांगायचं होतं ते हे की अगदी अशीच एक फाइल तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे (लाल रक्तपेशी सोडून, जाणकारांनी लगेच मेल टाकू नये). पत्ता: सहावं गुणसूत्र, आखूड बाहू. आणि त्या कॉपी-पेस्टपायी आपल्या देशात दर वर्षी काही बाळं महिन्याची व्हायच्या आत जातात, आणि ती कशानं गेली हे बऱ्याचदा कुणाला कळतही नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे दुसरं वाक्य. कारण कळण्याचा खर्च रक्ताच्या एका थेंबाएवढा आहे.

थोडं मागून सुरू करतो. आपल्या दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल नावाच्या ग्रंथी असतात. त्या कोलेस्टेरॉलपासून स्टेरॉइड हॉर्मोन बनवतात. (हो, तेच कोलेस्टेरॉल, ज्याच्या नावानं तिशीच्या आतच आपण रिपोर्ट बघून घाबरतो. ते नसतं तर यातलं काहीच नसतं.) कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन असतात. पहिलं एंझाइम त्याची शेपटी छाटून २१ कार्बनचा रेणू करतं. पुढे एकामागून एक एंझाइमं बसलेली असतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं: अमुक नंबरच्या कार्बनला एक ऑक्सिजन चिकटव, तमुक ठिकाणी कापून टाक. त्यातून एका फाट्याला कॉर्टिसॉल तयार होतं, म्हणजे आजारपणात, उपासात, ताणात शरीराला तारणारं हॉर्मोन. दुसऱ्या फाट्याला अल्डोस्टेरॉन, जे शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही. आणि तिसऱ्या फाट्याला अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हॉर्मोनच्या कुळातली मंडळी. कच्चा माल एकच, फाटे तीन.

यातल्या पहिल्या दोन फाट्यांवर एक सामाईक कामगार आहे. २१ नंबरच्या कार्बनवर ऑक्सिजन बसवणारा. त्याचं जनुक सीवायपी२१ए२. लहानसंच आहे, दहा एक्सॉनचं, साडेतीन हजार अक्षरांच्या आतलं. मानवी जनुकांच्या मानानं अगदी युटिलिटी फंक्शन म्हणावं एवढं.

आता गंमत अशी की या जनुकापासून साधारण ३० हजार अक्षरांच्या अंतरावर त्याची जुळी कॉपी बसलेली आहे. सीवायपी२१ए१पी. शेवटचं 'पी' म्हणजे स्यूडोजीन, नावाचं जनुक. दोघांचे एक्सॉन ९८ टक्के सारखे. पण कॉपी मेलेली आहे. तिच्या तिसऱ्या एक्सॉनमधून आठ अक्षरं गळालेली आहेत. जनुक तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचलं जातं हे बारावीच्या बायॉलॉजीत वाचलं असेल. आठाला तिनानं भाग जात नाही, त्यामुळे तिथून पुढचं सगळं वाचन सरकतं आणि कचरा होतो. शिवाय इतरही मोडतोड आहेच. उंदरांमध्ये नेमकं उलट आहे म्हणे: त्यांची पहिली कॉपी चालू आणि दुसरी मेलेली. म्हणजे कुठली फाइल ठेवायची यावर निसर्गाचाही काही ठाम आग्रह नव्हता.

शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं एकमेकांशेजारी लागतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. जुळवताना 'हे आणि ते सारखंच दिसतंय' एवढाच निकष असतो. ९८ टक्के सारखी दोन जनुकं शेजारी असतील तर चुकीची जोडी लागणारच. मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर चालू जनुक पुरतं उडतं किंवा अर्धं चालू अर्धं मेलेलं असं भेसळ जनुक तयार होतं. नाहीतर मेलेल्या कॉपीतला छोटासा तुकडा चालू जनुकावर उमटतो. या आजारातले बहुतेक सगळे दोष असे जुन्या फाइलमधून आलेले असतात, नव्यानं पडलेले अगदी थोडे. मला पहिल्यांदा हे वाचताना कमाल वाटली होती. म्युटेशन म्हणजे किरणोत्सर्ग, रसायनं, नशीब असलं काहीतरी आपण धरून चालतो. इथे शुद्ध कॉपी-पेस्ट आहे.

आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून मोडकी प्रत आली की बाळाला आजार होतो. त्याचं नाव कंजेनिटल अॅड्रिनल हायपरप्लेजिया. पुढे नुसतं सीएएच म्हणतो. एकच प्रत मोडकी असेल तर माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो.

२१ नंबरचा कामगार गैरहजर असला की काय होतं? कॉर्टिसॉल बनत नाही. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी कॉर्टिसॉलची पातळी बघून अॅड्रिनलला हुकूम सोडत असते. उत्तर येत नाही म्हणून ती पुन्हा हुकूम सोडते, आणखी जोरात. आपल्याकडे सर्व्हर गप्प झाला की क्लायंट रिक्वेस्टवर रिक्वेस्ट मारून त्याला आणखी मारतो, तसंच. अॅड्रिनल राबून राबून फुगते. वरून माल येतोय, दोन फाटे बंद, मग सगळं उरलेल्या तिसऱ्या फाट्याला वळतं. अँड्रोजेनचा पूर. बाळ मुलीचं असेल तर पोटात असतानाच तिच्या बाह्य जननेंद्रियांची घडण मुलासारखी व्हायला लागते. आत गर्भाशय, बीजाशय सगळं व्यवस्थित असतं.

आणि दुसरा फाटा, मिठाचा? इथे एक आकडा बघण्यासारखा आहे. शरीराला अल्डोस्टेरॉन कॉर्टिसॉलच्या शंभरावा ते हजारावा हिस्सा एवढंच लागतं. त्यामुळे एंझाइमची एक-दोन टक्के क्षमता जरी शिल्लक असली तरी मीठ धरून ठेवण्यापुरतं काम निभावतं. शून्य टक्के आणि एक टक्का यांतला फरक म्हणजे बाळ वाचणं आणि न वाचणं यांतला फरक. शून्यवाल्या बाळाच्या लघवीतून मीठ वाहत राहतं, रक्तात सोडियम घसरतं, पोटॅशियम चढतं. जन्मानंतर एक ते तीन आठवड्यांत उलट्या, दूध न पिणं, वजन उतरणं, मग कोसळणं. सीएएचच्या तीव्र प्रकारात अशी 'मीठ गमावणारी' बाळं साधारण चारात तीन असतात.

वीस ते पन्नास टक्के क्षमता शिल्लक असलेला सौम्य प्रकारही आहे. त्यात बाळपणी काहीच दिसत नाही. पुढे मुलींना अनियमित पाळी, मुरुमं, नको तिथे केस. ओळखीचं वाटतंय ना? 'पीसीओडी' असा शिक्का बसलेल्यांपैकी काहींचं खरं कारण हे असतं, म्हणून निदान पक्कं करण्याआधी सकाळच्या रक्तात १७-ओएचपी तपासावं असं डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारावं. मी इंजिनिअर आहे, सल्ला देणार नाही.

या आजाराचं सगळ्यात जुनं नीट नोंदलेलं वर्णन १८६५ सालचं आहे, इटलीतल्या नेपल्सचं. लुईजी दे क्रेक्कियो नावाच्या शरीररचनातज्ज्ञासमोर जुझेप्पे मार्झो नावाच्या एका पुरुषाचं शव आलं. जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद, मग लहानपणीच एका सर्जननं मुलगा ठरवलेलं, आणि त्यानंतर पूर्ण आयुष्य पुरुष म्हणून गेलेलं. शवविच्छेदनात आत गर्भाशय आणि बीजाशय निघाले आणि किडन्यांवर अवाढव्य अॅड्रिनल. मृत्यू कसा झाला? पुन्हापुन्हा होणाऱ्या उलट्या-जुलाब आणि गळून जाणं. हॉर्मोन हा शब्दसुद्धा तेव्हा जन्माला यायचा होता, पण आजार जवळजवळ सगळा त्या एका वर्णनात आहे. उपाय सापडायला मात्र १९५० उजाडलं. त्या वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लॉसन विल्किन्स यांनी दाखवलं की बाहेरून कॉर्टिझोन दिलं की पिट्युटरी शांत होते आणि अँड्रोजेनचा पूर ओसरतो. आजही तत्त्व तेच: हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिवसातून तीनदा, फ्लुड्रोकॉर्टिसोन, आणि तान्हेपणी थोडं जास्तीचं मीठ. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट. आयुष्यभर. कटकट आहे, पण ती केली तर माणूस शाळा, नोकरी, संसार सगळं करतो.

आता मुद्द्यावर येतो.

मुलगी असेल तर प्रसूतीच्या खोलीतच काहीतरी वेगळं आहे हे दिसतं, निदान दिसण्याची शक्यता असते. मुलगा असेल तर काहीच दिसत नाही. छान गुटगुटीत बाळ घरी जातं, पेढे वाटले जातात, आणि बाराव्या-पंधराव्या दिवशी उलट्या सुरू होतात. तालुक्याच्या दवाखान्यात याला काय म्हणतील? जुलाब-उलट्या, नाहीतर रक्तात जंतुसंसर्ग. सलाईन लागेल, अँटिबायोटिक लागेल, आणि बाळ जाईल. घरातले दृष्ट लागली म्हणतील. जिथे नवजात बाळांची तपासणी होत नाही तिथल्या रुग्णांच्या यादीत मुलांपेक्षा मुली जास्त दिसतात. हा आजार तर दोघांना सारखाच होतो. मग न दिसणारे मुलगे गेले कुठे, हे वेगळं सांगायला नको.

उलट बाजूही तितकीच वाईट. जिची घडण फार बदललेली आहे अशा मुलीला 'मुलगा झाला' म्हणून घरी पाठवतात. आपल्याकडे त्या वाक्याला काय वजन आहे ते सगळ्यांना माहीत आहे. काही वर्षांनी खरं कळतं तेव्हा आईबाप ते ऐकायला तयार नसतात. आणि ज्या मुलींचं निदान वेळेत होतं त्यांच्यावर घाईघाईनं 'दुरुस्ती'ची शस्त्रक्रिया करून टाकायची का, हा आणखी वेगळा वाद. मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ साली जीव धोक्यात नसताना तान्ह्या इंटरसेक्स बाळांवर अशा शस्त्रक्रिया करू नयेत असं म्हटलं. मला ते पटतं. गोळ्या आज द्या, सुरीचा निर्णय तिला मोठी होऊन घेऊ द्या.

तपासणी काय आहे? दोन-तीन दिवसांच्या बाळाची टाच टोचायची, रक्ताचे थेंब फिल्टर पेपरच्या कार्डावर घ्यायचे, वाळवायचं आणि लॅबला पाठवायचं. बंद फाट्याच्या अलीकडे जो माल तुंबतो त्याचं नाव १७-ओएचपी. तो मोजायचा. बस. ही युक्ती १९७७ पासून माहीत आहे. अमेरिकेत आज प्रत्येक राज्यात प्रत्येक बाळाची ही तपासणी होते. जनुक वाचायची गरजच नाही पहिल्या पायरीला.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या वयाच्या आणि आपल्या पगाराच्या लोकांत हल्ली थुंकी पाठवून डीएनए रिपोर्ट मागवायची फॅशन आहे. 'माझे पूर्वज कुठून आले', 'मला कॉफी सोसते का' वगैरे. काही हजार रुपये आपण हसत घालवतो. त्या रिपोर्टात 'या आजाराचा दोष नाही' असं लिहिलेलं असलं तरी या जनुकापुरतं मी त्याला काडीची किंमत देणार नाही. कारण साधं आहे. नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये डीएनएचे दीडशे-एक अक्षरांचे तुकडे वाचून सॉफ्टवेअर ते नकाशावर बसवतं. तुकडा चालू जनुकातला की मेलेल्या कॉपीतला? ९८ टक्के सारख्या मजकुरात दीडशे अक्षरांवरून ते ठरवता येत नाही. दोन सारख्या फाइल असताना नुसत्या ग्रेपनं सापडलेली ओळ कुठल्या फाइलची हे सांगण्यासारखं आहे. यासाठी फक्त चालू जनुक वेगळं उचलणारी खास पद्धत वापरावी लागते, मोठे तुकडे वाचावे लागतात, आईबापांचे नमुने सोबत लागतात. ते काम निदानानंतरचं, पुढच्या मुलाचा विचार करतानाचं. तीन दिवसांच्या बाळाला वाचवतो तो थेंबातला रसायनाचा आकडा.

मध्यंतरी टीममधल्या एका मित्राला मुलगा झाला. पुण्यातलं चकचकीत हॉस्पिटल, नाव कशाला घ्या. पॅकेजमध्ये बाळाचं फोटोशूट होतं, पायाचे ठसे घेतलेली फ्रेम होती, केक होता. टाचेच्या तपासणीचं विचारलं तर 'तो वेगळा ऑप्शन आहे सर, पन्नासच्या वर आजारांचं पॅनेल' आणि एक जबरी आकडा. पायाचा ठसा पॅकेजमध्ये आणि त्याच पायाच्या टाचेतला थेंब ऑप्शनल! मित्रानं पैसे भरले. भरू शकला म्हणून भरले.

आता आकडे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली. २०१८ मध्ये निकाल छापून आला: सीएएच ५,७६२ बाळांत एक. जगाचा अंदाज साधारण दहा ते वीस हजारांत एक असा आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे दोन कोटी तीस लाख बाळं जन्मतात असं धरा. जगाच्या मधल्या आकड्यानं, म्हणजे पंधरा हजारांत एक धरून, दीड हजार बाळं. आयसीएमआरच्या आकड्यानं जवळजवळ चार हजार. दर वर्षी. त्याच थेंबातून जन्मजात थायरॉइडची कमतरताही कळते आणि तिचं प्रमाण त्याच पाहणीत १,१३० बाळांत एक निघालं! वेळेत गोळी दिली नाही तर मतिमंदत्व, दिली तर काही नाही.

पंधरा हजारांत एकाला आजार याचा अर्थ साधारण साठात एक माणूस वाहक (वर्गमूळ काढा, दुप्पट करा). म्हणजे आपल्या ऑफिसच्या एका मजल्यावर दोन-तीन जण सहज. आणि मामाच्या मुलीशी लग्न असेल तर? त्याच गणितानं बाळाला आजार असण्याची शक्यता पंधरा हजारांत एक वरून सुमारे साडेसतराशेत एक वर येते. आठपटीहून जास्त. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात मामेबहीण हक्काची समजतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. लग्न मोडा असं म्हणत नाही, टाच तपासा म्हणतो.

विरोधातला युक्तिवादही प्रामाणिकपणे मांडतो, कारण तो पोकळ नाही. ही तपासणी खोट्या घंटा फार वाजवते. वेळेआधी जन्मलेल्या, आजारी बाळांत १७-ओएचपी तसंच चढलेलं असतं. समजा एक लाख बाळांत दहा खरे रुग्ण आहेत आणि चाचणी फक्त अर्धा टक्का निरोगी बाळांना चुकून पकडते. म्हणजे पाचशे घरांत विनाकारण घबराट, आणि पन्नास घंटांमागे एक खरी. शिवाय रिपोर्ट महिन्यानं येणार असेल तर सगळंच व्यर्थ, कारण बाळाकडे वेळच दोन आठवड्यांचा आहे. पण हे प्रश्न सोडवलेले आहेत. बाळाच्या वजनानुसार आणि किती महिन्यांचं जन्मलं त्यानुसार मर्यादा बदलायची, संशयित थेंब मास स्पेक्ट्रोमीटरवर पुन्हा तपासायचा, आणि रिपोर्ट आठवड्याच्या आत फोनवर कळवायचा. अलर्ट फार येतात म्हणून मॉनिटरिंग बंद करणाऱ्याला आपण काय म्हणतो? थ्रेशोल्ड नीट कर म्हणतो.

आणि 'भारतात जमणार नाही' हे तर ऐकवतच नाही. गोव्यात सरकारनं २००८ मध्येच नवजात तपासणी सुरू केली होती. केरळच्या सरकारी रुग्णालयांत सीएएचसकट काही मोजक्या आजारांची तपासणी होते. देशभर सक्तीची मात्र नाही. बाळांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तोच मुळी आपल्या पालघरमधून. प्रत्येक बाळाला पोलिओचे थेंब पाजण्याइतकी यंत्रणा उभी करून दाखवलेल्या देशाला एक थेंब उलट दिशेनं घेणं अवघड नसावं.

माझं मत असं की पन्नास आजारांच्या पॅनेलचा हट्ट सोडावा. सरकारी असो की खासगी, प्रत्येक प्रसूतीला दोनच चाचण्या, थायरॉइड आणि सीएएच, बिनशर्त आणि बिनपैशाच्या. बाकीचं नंतर. दोन व्यवस्थित चालणारी फीचर्स पन्नास अर्धवट फीचर्सपेक्षा बरी, हे आपल्या धंद्यातल्या कुणालाही पटावं.

निदान झालं की पुढचा अडथळा औषधांच्या दुकानात आहे. हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन दोन्ही गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत क्रिनेसरफाँट नावाचं नवं औषधही मंजूर झालं, जे पिट्युटरीचा आरडाओरडा वरूनच कमी करतं. छानच आहे. पण घराजवळच्या मेडिकलवाल्याला एकदा सहज विचारून बघा, फ्लुड्रोकॉर्टिसोन आहे का, आणि मागवलं तर किती दिवसांत येईल. मीठ गमावणाऱ्या बाळाची गोळी तितके दिवस चुकून चालत नाही.